कवितेत देवाचं नाव किती वेळा

नाही नाही, रुमाना बीबी, प्रबंधावर सही अशी नाही होत — बस आधी, चहा घे. लाहोरचे परीक्षक तासाभरात येतायत, तू समोसे आणलेस, सोहन हलवा आणलास, सगळं रीतसर केलंस, आणि शेवटच्या प्रकरणात मात्र घोळ! व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कवी, त्याची श्रद्धा, आपल्या दीनच्या, इस्लामच्या दृष्टीने — विषय मीच दिला ना? मग निकाल कुठाय? ईमान होतं की नव्हतं? तीस वर्षं इथे मुलतानात हेच करतोय मी. कविता घ्यायची, देवाचं नाव किती वेळा येतं ते मोजायचं. दहाच्या वर — श्रद्धावंत. पाचाच्या खाली — डळमळीत. माझ्या सरांनी मला शिकवलं, मी साठ जणांना शिकवलं. अर्ध्या इंग्लंडला या खुर्चीत बसून नापास केलंय मी!

आणि तुझा हा कवी? मुलगी गेली म्हणून चाळीस पानं रडतो, त्यात देवाचं नाव एकदाच, तेही तक्रारीत. आणि तू लिहितेस, हा पक्का श्रद्धावंत? काय तर म्हणे, माणूस तक्रार कोणाकडे करतो? जो ऐकतोय असं वाटतं त्याच्याकडेच. वर कुराणातल्या, मुलासाठी रडून रडून डोळे गमावलेल्या त्या नबींचा, पैगंबरांचा दाखला! त्यांनीही गाऱ्हाणं अल्लाहकडेच नेलं — ठाऊक आहे गं, मला शिकवतेस? पण परीक्षक काय म्हणतील? चार वर्षांची मेहनत पाण्यात जाईल बाई तुझी. एक ओळ लिही, 'ईमान कच्चं', की सुटलीस.

काय? मला पटतं का? पटण्याचा काय संबंध, मी मार्गदर्शक आहे! — हे बघ, आमची लेक शाइस्ता गेली ना गेल्या साली... इस्पितळात अकरा दिवस तिच्या दाराबाहेर बसून होतो. सगळे दुवा मागत होते, माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटच्या दिवशी एवढंच — या अल्लाह, हीच सापडली का तुला? त्यानंतर नमाजाला उभा नाही राहिलो. गुडघे दुखतात म्हणून सांगतो सगळ्यांना. काही दुखत नाहीत गुडघे.

अकरा दिवसांत एकदाच. तेही —

आण तो प्रबंध इकडे. राहू दे ते प्रकरण आहे तसं. सही कुठे, इथे? ... जा आता, समोसे निवतील. आणि दार लावून घे.