खिशातली फीत

नाही, साहेब, त्याच्या गौरवाच्या या कागदावर सही मी करणार नाही. आधी हे खोडा. चौथी शिकलेय मी, पण वाचता येतं. काय लिहिलंय — 'लहानपणापासून भीती त्याला ठाऊकच नव्हती.' कुणी लिहिलं हे? तुम्ही? मग माझ्या भावाला तुम्ही ओळखलंच नाही. आमचा बारक्या गल्लीतल्या कुत्र्याच्या पिल्लालासुद्धा घाबरायचा, माझा पदर धरून शाळेत जायचा. आणि तोच पुढे पाठीवर निम्मं घर लादून विमानाच्या दारातून अंधारात उडी टाकायचा — भीती वाटायचीच म्हणे, प्रत्येक वेळी. भीती दगडाला नसते. दगडाचं कौतुक ऐकायला मी दुकान बंद करून बसलेली नाही.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, मी सोळाची, आणि बाप असून नसल्यासारखा. याच शिलाई मशीनवर वाढवला मी त्याला. डावखुरा होता, हे तरी लिहिलंय का? नाही ना. डाव्या हातावर मास्तरांनी पट्टी मारली, तर मी तशीच शाळेत गेले — म्हटलं, पुन्हा हात लावलात तर तुमची विजार अशी शिवून देईन की चारचौघांत सुटेल. पुन्हा नाही मारलं. सात वर्षांचा असताना त्याला बटण लावायला शिकवलं. टाके सगळे उलट्या अंगाला कललेले, प्यायल्यासारखे. मी हसायचे, तो रुसायचा. आणि शाळेत कपडे हरवतात म्हणून प्रत्येक सदऱ्यात आतून पांढरी फीत लावायचे — तिच्यावर त्याचं नाव, आणि त्यापुढे बापाचं नाही, माझं. वाढवलं कुणी? मग.

तुमच्या फौजेत बारा वर्षं काढली त्याने. तुकडीच्या निवडीत नव्वद जणांतून अकरा उरले, त्यातला हा एक, हे तुम्ही लिहिलंय ते बरं केलंत. सुट्टीवर आला की मी विचारायचे, कुठे होतास रे? तर म्हणायचा, ऑफिसला. ऑफिसला जाणाऱ्याची पायाची दोन बोटं बर्फात जातात का? पलंग सोडून इथे, मशीनच्या पायाशी, दाराकडे तोंड करून झोपायचा. मी काम थांबवलं की जागा व्हायचा. म्हणायचा, "चालू ठेव ताई, तुझं मशीन चालू असलं की पहाऱ्यावर कुणीतरी आहे असं वाटतं."

हां, जॅकेट. द्या इकडे. काचेच्या पेटीत ठेवणार, पण आतलं नाव काढून — हेच म्हणालात ना? तुमच्या तुकडीत कपड्यावर नाव चालत नाही, फक्त नंबर. माहीत आहे मला. पहिल्याच सुट्टीत त्याने सांगितलं होतं, "सापडलो तर मी कोण, कुठला, कुणालाच कळता कामा नये. नाव कळलं की तुझ्या दारापर्यंत येतील." मी म्हटलं, येऊ देत, माझ्याकडे कात्री आहे. तरी मी फीत लावायचे आणि तो जाण्याआधी ती उसवून माझ्या डब्यात ठेवायचा. भांडण नाही, काही नाही. मी लावायची, त्याने काढायची, बारा वर्षं.

शेवटच्या वेळी — आता बोलतेच आहे तर ऐका — शेवटच्या वेळी मी लबाडी केली. याच जॅकेटची कॉलर उसवली, फीत दोन पदरांच्या मध्ये घातली, हिरव्यावर हिरवा दोरा, वरून बोट फिरवलं तरी कळू नये अशी. त्याला सांगितलंच नाही. तो फीत शोधत राहिला, मी म्हटलं, संपली. माझ्याकडे फीत संपेल का कधी? आणि तो गेला त्याला चार महिने झाले, साहेब, माझ्या डोळ्याला डोळा नाही. त्याच्या नकळत मी नियम मोडला आणि त्याच्या अंगावर नाव पाठवलं. ते नाव कुणी वाचलं का, त्याचे हाल झाले का — तुम्ही सांगता गोळी लागली आणि जागच्या जागी गेला, कुणी त्याला शिवलंही नाही. पण बहिणीला सगळे हेच सांगतात. तिघांना ओढून आणलं, चौथ्यासाठी परत गेला. तो चौथा जगला का हो?

बरं. म्हणजे तोही गेला. मान खाली घालू नका. मघाशी बसताना तुमचा पाय वाकला नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या तिघांतले एक तुम्ही. त्याने तुम्हाला ओढून आणलं, आणि तुम्ही त्याचं नाव उसवायला आलात.

थांबा, मीच काढते. माझी चूक, मीच काढणार. ही कॉलर, इथे — इथे नाही. काय म्हणालात? खिशात? नाही हो, मी खिशात कशाला... छातीच्या खिशात, आतून. हा दोरा काळा आहे. मी काळा दोरा लावलेला नाही. आणि ही कॉलर उसवून पुन्हा शिवलीय. हे टाके बघा. नीट बघा. कुठल्या अंगाला कललेत?

सापडली होती त्याला. काढली, आणि डब्यात नाही ठेवली. स्वतःच्या हाताने लावली.

कात्री ठेवली मी. नियम मोडला असं लिहायचं असेल तर लिहा, त्याने मोडला, माहीत असून मोडला. जॅकेट न्यायचं तर नावासकट, खिसा उलटा करून काचेकडे. नाहीतर इथेच राहील. वर विचारून या. आणि ती भीतीची ओळ खोडायला विसरू नका. पायरी उंच आहे, पाय सांभाळून उतरा. निघा आता. मला मशीन चालू करायचं आहे.