थंड प्लग आणि जीपवाले काका

त्या दिवशी काका आले नसते, तर मी विमान विकूनच टाकलं असतं.

विमानाच्या पंख्यात बोट कापल्यापासून मॉडेल विमानाचा ग्लो प्लग, म्हणजे इंजिन पेटवणारी तापती तार, मी लांबूनच, वायरने तापवतो. बदलापूरला भात कापलेल्या शेतात तासभर खटपट केली. प्लग थेट बॅटरीला लावला की लालबुंद, इंजिनात बसवला की गार.

तेवढ्यात शेताचे मालक आले. जुनी डिझेल जीप चालवणारे काका.

"माझ्या जीपला असतो तसा हीटर प्लगच ना हा? अर्थिंगची वायर कुठे दिलीयस?"

"इंजिनाच्या स्टँडला."

त्यांनी नखाने स्टँड वाजवला. "प्लास्टिक आहे हे."

वायर इंजिनाच्या बोल्टला लावली. पहिल्याच फटक्यात चालू.

मी हात जोडले. "काका, देवासारखे आलात."

"देव कसला. भातामागून पेरलेला वाल तुडवलास म्हणून हाकलायला आलेलो. आता उडवून दाखव, मग हाकलतो."