गवई बाईंनी सांगितलेलं 'पुट ऑफ'

मी कॉलेजात ग्रंथपाल झालो, तो मोताळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या गवई बाईंमुळे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मले मेसेज आला, 'इंटरव्ह्यू पुट ऑफ टिल मंडे.' ऑफ म्हणजे बंद, संपलं! रडकुंडीले येऊन बाईंकडे गेलो.

बाई म्हणाल्या, "काऊन रडतं रे? पुटले ऑन लागलं तं कपडे घालणं, आउट लागलं तं दिवा विझवणं, ऑफ लागलं तं पुढं ढकलणं. तुही मुलाखत विझली नाही, सोमवारी हाय!"

सोमवारी गेलो, तं सहा उमेदवारांत मी एकटाच हजर.

साहेबांनी विचारलं, "बाकीचे का नाही आले?"

म्हटलं, "सर, त्यांना गवई बाई नव्हत्या."