नासपतीच्या काड्या

झेनोबिया : हलू नकोस. हललास तर कुऱ्हाडीचा दुसरा घाव डोक्यात घालीन.

लुत्स्यान : हलतोय कुठे! शिडीवरून पालथा पडलोय. आणि हात… अगं बये, हात बघ माझा!

झेनोबिया : बघितला. आधी करवत टाक.

लुत्स्यान : टाकली की. बोटासकट टाकली. तिकडे गवतात पडलंय बघ, अंगठ्याजवळचं. मधलं लोंबतंय.

झेनोबिया : बरं झालं. माझ्या नवऱ्याला, फेलिक्सला पुरून तीन महिने झाले नाहीत, आणि तू त्याच्या झाडाला करवत लावतोस? शेजारी म्हणे! तीस वर्षं एका नळाचं पाणी वाटून घेतलं आपण.

लुत्स्यान : रक्त थांबव, मग काढ शेजार.

झेनोबिया : थांबेल आपोआप. डुकराचंही थांबतं.

लुत्स्यान : डुक्कर मेल्यावर थांबतं, झेन्या.

झेनोबिया : मग मर! बागांच्या समितीला चिठ्ठी कुणी पाठवली? ‘एक्केचाळीस नंबरच्या बाईचं नासपतीचं झाड पोकळ झालंय, माझ्या खोलीवर पडेल.’ खाली तुझी सही, गिरणीतल्या हजेरीपटावर करायचास तशीच लांबलचक.

लुत्स्यान : केली. जानेवारीच्या वादळात खोड अर्धं फाटलं. मूठ आत जाते. आणि तू त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसतेस.

झेनोबिया : मी कुठे बसायचं ते तू ठरवणार? शनिवारी तोडा म्हणून नोटीस आलीय. शनिवारपर्यंतही तुला दम धरवेना! सोड, पाय सोड माझा!

लुत्स्यान : पाय नाही, चपलेचा पट्टा धरलाय. चक्कर येतेय मला.

झेनोबिया : सोड म्हणते ना! ही घे लाथ!

लुत्स्यान : आई गं!

ग्राझिना : काय चाललंय तिकडे? पार फाटकापर्यंत ओरडा ऐकू… अरे देवा. बाई, ती कुऱ्हाड खाली ठेवा.

झेनोबिया : कुंपणापलीकडेच राहा, ग्राझिनाबाई. नोटिशीवर तुमचीही सही आहे.

ग्राझिना : समितीची अध्यक्ष आहे, सही करावीच लागते. आणि त्याआधी वीस वर्षं मी इस्पितळात परिचारिका होते, तेव्हा बाजूला व्हा. लुत्स्यान, हात वर धरा. आणखी वर! तो रुमाल द्या तुमच्या डोक्याचा, बाई. द्या म्हणते ना!

झेनोबिया : माझा रुमाल? ह्याला?

ग्राझिना : हॅलो, अँब्युलन्स पाठवा. गिरणीमागच्या बागा, दुसरं फाटक. कुऱ्हाडीने दोन बोटं… हो, माणूस शुद्धीवर आहे. शिव्या देतोय.

लुत्स्यान : अजून दिल्याच नाहीत.

ग्राझिना : बाई, नियम ठाऊक आहे ना? बागेत मारामारी केली की समितीने दिलेला जमिनीचा तुकडा परत जातो. गेल्या उन्हाळ्यात दोन शेजाऱ्यांनी फावड्यांनी एकमेकांचे दात पाडले. दोघांनाही काढलं मी.

झेनोबिया : मलाही काढा. पण झाडाला हात लावलात तर खोडाला मिठी मारून बसेन, मग माझ्यासकट तोडा. ग्राझिनाबाई, युद्धानंतर सरहद्दीपलीकडच्या गावातून हाकललं तेव्हा फेलिक्सच्या आईने घरातलं काय आणलं ठाऊक आहे? भांडी नाही, गोधड्या नाहीत. ओल्या पायमोज्यात गुंडाळून ह्या झाडाच्या काड्या आणल्या. आता फेलिक्सही नाही. मला एवढंच उरलंय!

ग्राझिना : लुत्स्यान, कोट काढते तुमचा. हे खिशात काय टोचतंय?

लुत्स्यान : हात लावू नका त्याला.

ग्राझिना : काड्या आहेत. पेन्सिलीएवढ्या. सात.

झेनोबिया : इकडे आणा. …ह्या शेंड्याच्या आहेत. गेल्या वर्षीची फूट. झाड पाडायला आलेला माणूस शेंड्याच्या काड्या कशाला कापेल?

लुत्स्यान : पाडायला आलोच नव्हतो, बाई. माझ्या कोपऱ्यात जंगली नासपतीचा खुंट वाढलाय. त्यावर कलम बांधणार होतो. झाड शनिवारी जाणारच, निदान वाण तरी राहील.

झेनोबिया : मग मागायचं होतंस! दार वाजवायचं होतंस! काड्या दिल्या असत्या, वर सूप पाजलं असतं.

लुत्स्यान : मागून?

झेनोबिया : हो, मागून! तोंड नाही तुला?

लुत्स्यान : झेन्या, मागून घेतलेली काडी लागते का कधी?

झेनोबिया : लागत नाही म्हणतात खरं. म्हणून माझ्याकडे चोरी?

लुत्स्यान : माझ्या रेडकरंटच्या झुडपाची फांदी तू कोटाआड लपवून नेलीस. मी बघत होतो. मुद्दाम पाठ फिरवून शिट्टी वाजवत बसलो.

झेनोबिया : चोरली म्हणून तर लागली.

लुत्स्यान : मग! लागावी म्हणून मीही चोरत होतो. तू रविवारी प्रार्थनेला गेलीस की यायचं ठरवलं होतं. आज लवकर का परतलीस?

झेनोबिया : गुडघा दुखत होता. अरे मेल्या, चोरत होतास तर चोरासारखं चोरायचंस! शिडी लावून, करवत घेऊन चोरतात? मला वाटलं तोडतोयस!

ग्राझिना : ऐका. पोलीस येतील, इस्पितळातून कळवतातच. लुत्स्यान, शिडीवरून पडलात, करवत लागली, असं म्हणालात तर मी काही बोलणार नाही.

लुत्स्यान : नाही. खरं सांगा. हिने कुऱ्हाड मारली.

झेनोबिया : लुत्स्यान…

लुत्स्यान : अठ्ठावीस वर्षं मी मागावर उभा होतो. दोन्हीकडच्यांची बोटं गेली, माझं नखही गेलं नाही. तू एका घावात बोटं नेलीस, आणि खाली पडल्यावर लाथ घातलीस. माफ करत नाही मी. जाऊ दे तुझा तुकडा.

झेनोबिया : सांग. माझीही ना नाही. मारलं तेव्हा डोकंच हवं होतं मला, नेम चुकला. …रडू नये म्हणते, पण येतंय.

लुत्स्यान : रड मागाहून. आधी काड्या ओल्या फडक्यात गुंडाळ. फ्रीजमध्ये ठेव, सफरचंदांजवळ नको, डोळे मरतात काड्यांचे. एप्रिलात साल सुटायला लागली की बांधायच्या.

ग्राझिना : आली गाडी. ते बोट पिशवीत घातलंय मी, बरोबर न्यायला विसरू नका.

झेनोबिया : बांधणार कोण? फेलिक्स गेला. तुझा हात असा.

लुत्स्यान : तू.

झेनोबिया : मी उभ्या जन्मात कलम बांधलं नाही!

लुत्स्यान : मी खुर्चीवर बसून सांगेन. आधी विलोच्या फांद्यांवर सराव कर. चाकू एकदाच ओढायचा, तिरका, अर्ध्यात थांबायचं नाही.

झेनोबिया : तिरका. एकदाच. आणि?

लुत्स्यान : आणि अंगठा पात्यासमोर ठेवू नकोस. बोट जातं.