सरजाबाईच्या हातची झिलई

न्हाई न्हाई, उठू नका दादा, दहा मिनिटं बसा—गाडी पिंगळीला कवाच टायमावर येत न्हाई. भट्टीवरून निघालाव तवा मीच हाक मारली तुमाला, कामून—माझ्या दिरानं, परमेश्वर भावजीनं, तुमाला सांगितलं आसंल की बन्सीधर लोहार गेला आन् त्याच्यासंगट झिलईबी गेली, आता पाती नांदेडला मशीनवर पाठवणार. सांगितलं ना? माहीत होतं मला. पण मागल्या साली तुमी हॉटेलसाठी सुरी नेली, तिच्यात तोंड बघून दाढी करावी म्हणलाव—ती झिलई कोणाची होती? मालकाची न्हाई. मालक ठोकायचे, तापल्या पात्याला पाणी द्यायचे, धार लावायचे—घासायची मी. बावीस साल, ह्याच खिडकीपाशी, ह्याच फळीवर. खरं वाटंना ना? कसं वाटंल—परभणीच्या प्रदर्शनात त्यायला शाल-नारळ भेटला तवा मी मागच्या खुर्चीवर पिशव्या धरून बसलते. रातच्याला जेवताना म्हणलं, एकदा तरी सांगा की हो लोकायला. चिडले न्हाईत ते. "बायकोनं घासलं म्हणलं तर कोण घेईल, सरजा?"—एवढंच म्हणले. मलाबी वाटायचं, हायेत ना ते, आपल्याला नाव कशाला पायजे. वैशाखात ते गेले. आता कोण सांगंल?

म्हणून म्हणते, डोळ्यानं बघाच. हे पातं भट्टीवरून मीच उचलून आणलं, भावजीला न इचारता. हा खरबरीत कागद, पाण्यात बुडवायचा आन् आडवा घासायचा. चरे दिसायलेत? आता त्याच्याहून बारीक कागद, उभा—आडवा चरा पुरा जाईस्तोवर उभाच. मग आणखी बारीक, पुन्हा आडवा. घाई केली की खालचा एखादा चरा तसाच दबून ऱ्हातो, आन् शेवटाला सगळं चकाकायला लागलं की नेमका वर येतो—मग पुन्हा पहिल्यापासून. लोक म्हणतात चमकवायचं काम. चमकवायचं काय त्यात—चरे काढायचे, दुसरं काही न्हाई.

ते? ते कापडाचं चाक, मोटारीचं. शेवटची झिलई त्याच्यावर व्हायची. आता न्हाई लावत, आवाज लय होतो—म्हणजे—आवाजाचं काय, बावीस साल ऐकलाच की. तुमी भले माणूस दिसता म्हणून सांगते, भावजीपाशी बोलू नका. चाकावर पातं तापतं. बोटाला चटका बसला की तिथंच बादलीत बुडवायचं, न्हाईतर निळं पडतं, पाणी उतरतं त्याचं, मग धार टिकत न्हाई. सगळं बोटच सांगतं. तर दिवाळीपासून तीन पाती निळी पडली माझ्या हातून. तीन. चटका बसलाच न्हाई मला. भावजीनं पाहिली, गुमान उचलून नेली—आन् दुसऱ्या दिवशी नांदेडचं काढलं. डाक्टर म्हणतो शुगरनं बोटं सुन्न झाली, धारीच्या कामाला हात लावू नका. मग कशाला लावू? भाकरीची ददात न्हाई, खोटं कशाला बोलू, जावबी चांगली हाय, बसा म्हणती, आराम करा म्हणती. पण सकाळी उठून ह्या फळीवर बसायचं न्हाई तर उठायचंच कशाला, तुमी सांगा. चाक नको मला. हातानं जमतंय अजून, बोटाचं काम डोळ्याकून घेते. तुमी फक्त भट्टीवर जाऊन म्हणा—बाईनं माझ्यादेखत घासलं, एक चरा न्हाई. गिऱ्हाइकाचं ऐकतात ते. माझं न्हाई ऐकणार, तुमचं ऐकतील. पाया पडते तुमच्या. हे बघा, टोकाकडं उजेड धरायलाय, आता पात्यात खिडकीचे गज दिसतील, जरासक थांबा, आणखी एक हात—

काय? कामून धरला हात? कुठं?

हां.

मला वाटलं कागदाचंच पाणी हाय. कवापासून वाहायलंय? तुमी बघायलते आन् बोलला न्हाईत—न्हाई, बांधू नका, रुमाल ठेवा तुमचा. पहिलं ते पातं धुवा. रक्तानं डाग धरतं लोखंड, लगेच पुसा, कोरडं करा. बोटाचं ऱ्हाऊ द्या, दुखत न्हाई ते. एवढं लागलं तरी दुखत न्हाई, बघा.

तर भट्टीवर काय म्हणाल?

दादा, खाली काय बघता, मी इचारायलेय. एक चरा न्हाई म्हणाल ना? बाईचा हात चांगला हाय, एवढंच म्हणा. रक्ताचं कशाला सांगायचं. चिरतं की कोणालाबी, मालकालाबी चिरायचं.

बरं.

बरं, ठेवा ते पातं फळीवर. आन् जाताना दार ओढून घ्या.