प्रॅक्टिकलचा दिवस

मपलं माहेर पाटोद्याकडचं. माय-बाप दरसाल ऊसतोडीला जायचे, मी चुलतीपाशी राहून शिकले. नववीत गेले तवा शाळेत वायरिंगचा विषय आला, नवीनच, सगळं हातानं करायचं, बोर्ड भरायचा, जोडनी करायची, परीक्षा बी हातानंच. पोरी म्हनल्या आमाला शिवनकाम द्या, मी म्हनलं न्हाई, मला हेच पायजे. सर हसले, म्हनले करंट लागला की पळशील. काय सांगू ताई तुमाला, पळाले न्हाई. जिन्याच्या दिव्याची जोडनी, खालून लावायचा अन् वरून बंद करायचा, ती वर्गात सगळ्यात आदी मीच केली. आमच्या घराला जिना न्हाई बरं का!

दहावीत दिवाळीच्या आदी लगीन ठरलं. तुमी इचारताल कावून एवढी घाई, तर आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, एकट्या गड्याला मुकादम घेत न्हाई, म्हनून टोळी निघायच्या आत लगनं उरकत्यात. सोळाची बी नव्हते मी. लई रडले. मंग नवऱ्यालाच म्हनलं, येते, पन प्रॅक्टिकलच्या दिशी मला शाळेत न्यायचं. हो म्हनला. मानूस चांगला हाय, खोटं कशाला बोलू.

प्रॅक्टिकल आलं तवा आमी माजलगावकडं उसाच्या फडात व्हतो. त्या दिशी सकाळी निघनार तर ट्रॅक्टर आलं, अन् गाडी उभी असली की टोळीतलं कुनी हलत न्हाई, आपलं वझं दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं. नवरा म्हनला गाडी भरून निघू, दुपारपतूर पोचतो. मी बी मान हलवली, माय, कावून हलवली! मोळ्या वाहिल्या, तशाच कपड्यावर दोन एसट्या बदलून गेलो, तवर चार वाजलेले. बाहेरून आलेले परीक्षक निघून गेलते. सर बोर्ड उतरवीत व्हते. म्हनलं सर, एकडाव करू द्या. म्हनले कर बाई. केली जोडनी, दिवा लागला. सर बगत राहिले, म्हनले गैरहजेरी लागलीय गं तुजी, मपल्या हातात काय न्हाई. दुसऱ्या दिशी परत फडात. प्रॅक्टिकलच गेलं म्हनून लेखी पेपरला गेलेच न्हाई.

आता गावात कुनाचा पंखा बंद पडला, फ्यूज गेला, की मला हाक मारत्यात. गडी एकमेकांत म्हनत्यात, हिला कुनी शिकवलं बे! बरं वाटतं, अन् ती गैरहजेरी बी आठवती.

औंदा सर नेकनूरच्या बाजारात भेटले. म्हनले दहावी नापासाला बी आयटीआयत वायरमनला घेत्यात, अर्ज कर. कागदं सगळी काढून आनली मी. नवरा म्हनतो, तू तिकडं बसलीस तर मपल्या जोडीला कोन? त्याचं बी खरं हाय. दोन लेकरं हायेत. अर्जाची मुदत सरत आली, अन् मी रोज कागदं बगते अन् ठिवून देते.

ताई, तुमची पोरगी नववीला हाय म्हनलात ना, शिकू द्या तिला, लई शिकू द्या, परीक्षेच्या दिशी घरात कसलं बी काम निघू द्या, तिला अडकवू नका. देव तिचं भलं करो. मला वायरमन व्हायचं व्हतं. व्हतं कशाला म्हनू, अजून बी व्हायचंय.