पाचशे नव्वद

(३० एप्रिल १९९९, संध्याकाळ. परळीच्या अलीकडच्या साखर कारखान्याची कामगार चाळ. बॉयलरवरचे शिवलिंगप्पा आजच निवृत्त होऊन घरी आलेत. खांद्यावरची शाल अजून उतरलेली नाही. त्यांची मुलगी रोहिणी त्याच कारखान्यात कॉम्प्युटरवर कामगारांच्या तारखा सांभाळते. आज घराकडे तिचे पाय वळत नव्हते.)

आप्पा : एक साल म्हंजी? अक्खं एक साल?

रोहिणी : अख्खं. तुमच्या शाळेच्या दाखल्यावर निजामाच्या वेळचं फसली साल आहे. तेराशे एक्कावन्न, महिना खुर्दाद.

आप्पा : म्हंजी एप्रिल. त्येच्यात पाचशे नव्वद मिळवायचे. मीच तर सांगितलं हुतं तुला.

रोहिणी : फसली साल ऑक्टोबरात बदलायचं, आप्पा. ऑक्टोबर ते डिसेंबरात जन्मलेल्याला पाचशे नव्वद. जानेवारीपासून पुढच्याला पाचशे एक्क्याण्णव. मी सरसकट पाचशे नव्वद मिळवले. तुमचा जन्म बेचाळीसचा, कॉम्प्युटरनं एक्केचाळीसचा धरला.

आप्पा : म्हंजी मी आजून सत्तावन्नचाच हाय.

रोहिणी : हो.

आप्पा : आन अठ्ठावन्न भरले म्हनून हातात नारळ दिला. मी बी येड्यावानी हात जोडून भाशान केलं तिथं. सायबाला सांगितलंस का हे?

रोहिणी : सोमवारीच. म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नसतो. माणसं कमी करायचीच होती, आपोआप होतायत. वर म्हणाले, जूनमध्ये तुला कायम करायचंय, तेवढं ध्यानात ठेव.

आप्पा : सोमवारी. आन मला आज सांगायलीस.

रोहिणी : धीर झाला नाही.

आप्पा : बिभीषण फेब्रुवारीत गेला. वीस साल माज्या शेजारी उभा ऱ्हायला बॉयलरला. त्यो बी असाच?

रोहिणी : तेही. एकूण एकोणतीस जण.

आप्पा : खोली सोडून नेकनूरला गेला बिचारा. लई रडला जाताना. आन सायबाचा मेव्हना? पंडितराव? त्येचा दाखला बी फसलीतलाच हाय, मला ठावं हाय.

रोहिणी : त्यांची तारीख दुरुस्त करून घेतली माझ्याकडून.

आप्पा : किती येळ लागला?

रोहिणी : प्रोग्राममध्ये एक ओळ. महिना बघायचा आणि एक मिळवायचा.

आप्पा : मग त्या ओळीनं समद्यांचंच नीट झालं असंल की.

रोहिणी : झालं होतं.

आप्पा : हुतं म्हंजी?

रोहिणी : बाकीच्यांचं पहिल्यासारखं चुकीचं ठेवायला आणखी चार ओळी लिहाव्या लागल्या.

आप्पा : कुनी लिवल्या?

रोहिणी : मी, आप्पा.

आप्पा : ही शाल घडी करून ठिव. आता सकाळी भोंगा झाला तरी मला उठवत जाऊ नकू. तू मातर येळेवर जात जा.